बारा ते एकमधले अठ्ठावन्न कट्टे

मोहाडी, ९ नोव्हेंबर २०२५

चि. वीरेंद्र यास,

मामीचा आशीर्वाद. पत्र बघून हसू नकोस. फोनवर तू "हो मामी, हो मामी" म्हणतोस आणि दुसऱ्या हातानं कॉम्प्युटरची बटणं दाबतोस, मला ऐकू येतात. शिवाय तांदळाच्या मिलमध्ये आठ ते सहा आमचे फोन फाटकावरच्या पेटीत कुलूपबंद असतात. बचत गटाची सचिव म्हणून बारा वर्षं सभांचे अहवाल लिहिलेत, तेव्हा हात अजून चालतो. मनिष ड्रायव्हर सोमवारी आणि गुरुवारी तांदळाचे नमुने तपासायला नागपूरला नेतो. त्याच्याजवळ हे पत्र आणि जवसाची चटणी दिली आहे. चटणी अर्धीच पोचली तर त्यालाच विचार.

तू बसवून गेलेला सरकता पट्टा झकास चालतो आहे. पूर्वी पॅकिंगपासून गोदामापर्यंत पोरं पाठीवर कट्टे वाहून न्यायची. आता भरणीचं यंत्र पंचवीस किलो तोलून कट्टा भरतं, विमलाबाई त्याचं तोंड शिवते, रुपा छाप मारते आणि कट्टा आपला आपण गोदामाच्या दारात जाऊन उभा राहतो. शेवटी तू लावलेला तो लाल दिव्याचा डोळा त्याला मोजून घेतो. पहिल्या दिवशी विमलाबाईनं विचारलं, "काय वं चंदा, हा डोळा कट्टेच पायते का आपल्यालेही पायते?" मी म्हटलं, "कट्टेच पायते, तू कर आपलं काम." तरी दोन दिवस ती पदर सारखा करूनच बसायची.

पाच वर्षांच्या मुकादमकीत मला पहिल्यांदा खुर्ची मिळाली आहे, उंच, पाठीची. कट्टे शिवणीपाशी साचले की मी हात वर करते, भरणीवाला यंत्र थांबवतो. हात खाली केला की सुरू. तुझे मामा म्हणतात, "चौकातल्या पोलिसासारखी दिसून राहिली तू." दिसू दे.

तुझी मामी चंदा


नागपूर, १२ नोव्हेंबर

ती. मामीस,

सा. न. चटणी पूर्ण पोचली, मनिषवर आळ नको.

मामी, तुझं पत्र वाचून मी खरंच लॅपटॉप मिटला आणि मग तो परत उघडला, कारण तुला एक गोष्ट दाखवायची होती. तो डोळा दर तासाला किती कट्टे गेले ते मला इथे कळवतो. तुमचे तासाला दोनशे होतात, चार इकडे चार तिकडे. पण दुपारी बारा ते एक या तासात दोनशे अठ्ठावन्न. एक दिवस नाही, रोज. जेवणाच्या आधीच्या तासात तुमच्या अंगात काय संचारतं?

माझ्या साहेबांनी तो आकडा पाहिला आणि म्हणाले, म्हणजे या लाइनमध्ये अडीचशेची ताकद आहे, बाकीचे तास ती वाया जाते. मी एकट्यानं केलेलं हे पहिलंच काम आहे, मामी. साहेबांनी नावानिशी कौतुक केलं. मी तुमच्या मिलच्या सेठना लगेच कळवलं.

खरं तर असे दोन डोळे लागतात, एक आत आणि एक बाहेर, म्हणजे माल कुठे अडतो ते दिसतं. पण सेठनी एकच घेतला. असो, त्या एकानंच एवढं शोधून काढलं.

मामांना नमस्कार.

तुझा वीरेंद्र


मोहाडी, २३ नोव्हेंबर

चि. वीरेंद्र यास,

आशीर्वाद. तू सेठला काय कळवलंस ते आम्हाला सोमवारीच समजलं. सेठ स्वतः आले, भरणीचा वेग वाढवला, पट्ट्याचाही वाढवला. म्हणाले, "बारा ते एक होते ना? मंग दिवसभर काहून नाही होत?"

तेव्हापासून आमची गंमत चालली आहे. कट्टे विमलाबाईच्या पुढ्यात येऊन दाटतात. मागचा पुढच्याला ढकलतो. मंगळवारी एक कट्टा पट्ट्यावरून उतरून थेट रुपाच्या पायाशी बसला. माझा हात दिवसभर वरच. संध्याकाळी घरी गेल्यावर तुझे मामा मला भाजी वाढायला सांगत होते, मी म्हटलं हात उतरत नाही, तुम्हीच वाढून घ्या. त्यांनी वाढून घेतली, ही तुझ्या यंत्राची एक चांगली गोष्ट.

आणि त्या बारा ते एकचं एवढं कौतुक करू नकोस. भूक लागली की माणसं हात जरा भरभर चालवतात, एवढंच. त्यावर फार हिशेब मांडू नये.

मामी


नागपूर, २६ नोव्हेंबर

ती. मामीस,

सा. न. तुझा हात उतरला असेल अशी आशा आहे.

हिशेब मांडू नये म्हणतेस, पण पगार मला त्याचाच मिळतो. मी गेल्या दहा दिवसांचे आकडे घेऊन बसलो. भरणीचं यंत्र चौदा सेकंदांत एक कट्टा देऊ शकतं. छाप मारायला दहा सेकंद. पण शिवणीला, म्हणजे आमच्या भाषेत स्टेशन दोनला, अठरा सेकंद लागतात. सगळी लाइन तिथे अडते. एका रांगेत काम करणाऱ्यांत जो सर्वांत हळू, त्याच्याच वेगानं रांग चालते. भरणीचा वेग वाढवून काही होत नाही, नुसती गर्दी होते, ती तू पाहिलीसच.

म्हणून अठरा डिसेंबरला सेठसमोर जो अहवाल ठेवायचा आहे, त्यात मी लिहितो आहे की स्टेशन दोनवरचं माणूस बदलावं. एखादी तरुण, चपळ मुलगी द्यावी, नाहीतर आपोआप शिवणारं यंत्र घ्यावं. सेठना हे तोंडी सांगितलं, त्यांना पटलं.

तुझी मुकादमकी मात्र छान चालली आहे असं सेठ म्हणाले.

वीरेंद्र


मोहाडी, ३० नोव्हेंबर

वीरेंद्र,

स्टेशन दोनचं नाव विमलाबाई आहे.

तू विसरला असशील. तू सातवीत असताना आमच्याकडे राहायचास, तेव्हा रोज शाळेतून येताना जिच्या ओट्यावर थांबून मुरमुरे खायचास, ती. मी मिलमध्ये लागले तेव्हा कट्ट्याला हात कसा घालायचा ते मला तिनं शिकवलं. अठ्ठावन्न वर्षांची आहे. तिची नात भंडाऱ्याला नर्सिंग शिकते, अजून दीड वर्ष बाकी आहे आणि ते सगळं या शिवणीवर चाललं आहे.

तिला अठरा सेकंद का लागतात, हे तू विचारलंस का? ती कट्ट्याचं तोंड दोनदा दुमडते, मग शिवते. बाकीच्या एकदाच दुमडतात. परवा शुक्रवारी सेठनी तुझं ऐकून तिच्या जागी खुशबूला बसवलं. पोरगी चपळ आहे, शंका नाही. बारा सेकंदांत कट्टा शिवून मोकळी. संध्याकाळपर्यंत गोदामात थप्पीवरचे एकतीस कट्टे तोंडाशी उसवले. गोदामभर तांदूळ. आम्ही सगळ्या सात वाजेपर्यंत झाडत बसलो, खुशबू रडत बसली. विमलाबाई तिच्याजवळ जाऊन म्हणाली, "रडू नको माय. तुले कोणी दुमडाचं सांगतलंच नाही, तुझा काय दोष."

तुझ्या कॉम्प्युटरला दुमडणं दिसतं का?

मला राग आला आहे. म्हणून या वेळी चटणी नाही.

मामी


नागपूर, ३ डिसेंबर

ती. मामीस,

राग बरोबर आहे. मुरमुऱ्यांची आठवण दिलीस, विमलाबाई आठवली. दुमडण्याचं मला माहीत नव्हतं, आणि मी विचारायला हवं होतं.

मी काल सेठना फोन करून हे सगळं सांगितलं. एकतीस कट्ट्यांचं त्यांनाही लागलं आहे, विमलाबाईला त्यांनी परत शिवणीवर बसवलं आहे. पण त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "दोनदा दुमडून तिले अठरा सेकंद लागते, मान्य. मंग बारा ते एक तेच बाई दोनशे अठ्ठावन्न कशी शिवते? अन् त्यातला एक कट्टा उसवत नाही. म्हणजे बाकी टाइम ते मुद्दाम हळू करून राहिली."

मामी, त्यांच्या डोक्यात आता हे पक्कं बसलं आहे की विमलाबाई कामचुकार आहे. पुरावा म्हणून माझाच तक्ता दाखवतात. भूक लागली की हात भरभर चालतो हे मी सांगून पाहिलं. ते हसले. खरं सांगायचं तर मलाही ते पटत नाही. भुकेनं अठरा सेकंदांचे चौदा होत नाहीत.

त्या तासाला तिथे काय होतं? तू मुकादम आहेस. तुला माहीत असणारच.

वीरेंद्र


मोहाडी, ७ डिसेंबर

चि. वीरेंद्र यास,

आशीर्वाद. तुझं पत्र गुरुवारी मिळालं. तीन दिवस उशीखाली ठेवलं. आज लिहिते.

ते कट्टे नाहीत. ते डबे आहेत.

नीट सांगते. आमचे डबे पॅकिंगच्या बाजूला, बॉयलरच्या भिंतीला लागून ठेवलेले असतात. भिंत गरम, त्यामुळे भात गरम राहतो. जेवायला मात्र आम्ही गोदामाच्या पलीकडे मोहाच्या झाडाखाली बसतो, कारण सावली आणि नळ दोन्ही तिकडे आहेत. मधे साठ-सत्तर पावलं अंतर. तू पट्टा बसवलास त्याच आठवड्यात माझ्या मनात आलं की एवढा पंचवीस किलोचा कट्टा हा नेतो, तर माझा डबा काय जड आहे? मी ठेवून पाहिला. गेला की ऐटीत. दुसऱ्या दिवशी रुपानं ठेवला. आठवड्यात सगळ्यांनी. आता साडेबारा झाले की दोन कट्ट्यांच्या मधे एक डबा, असं सोडत जायचं. आम्ही एकोणीस माणसं. एकोणीस डबे, एकोणीस पाण्याच्या बाटल्या. वर ज्यानं ज्यानं सगळ्यांसाठी म्हणून भाजी, भाजलेल्या मिरच्या, वांग्याचं भरीत आणलं असेल ती वीसेक भांडी वेगळी. एकदा सुशीलाबाईनं तिच्या शेतातल्या काकड्या एकेक करून सोडल्या होत्या, त्या दिवशी तुझ्या डोळ्यानं बहुतेक तीनशे मोजले असतील.

मला तुझ्या पहिल्या पत्रापासून माहीत होतं. तू दोनशे अठ्ठावन्न लिहिलंस तेव्हाच मी मनात मोजून पाहिलं होतं. पण तुझे साहेब तुझं कौतुक करत होते. आणि यंत्रावर डबे नेले म्हणून सेठ मुकादमालाच धरणार, आणि ही चाल पाडणारी मुकादमच. म्हणून भुकेचं काढलं. वाटलं, एका तासाचा आकडा, कोण एवढं बघतंय. तो आकडा उद्या विमलाबाईच्या गळ्यात पडेल हे माझ्या लक्षात आलं नाही. आता तिला लोक कामचुकार म्हणताहेत, आणि ती मला विचारते, "चंदा, मी खरंच का वं हळू झाली?" मला तिच्याकडे बघवत नाही.

तू सगळं सांगून टाक. माझं नाव घालून सांग. मला लाज वाटते आहे, आणि लिहून झाल्यावर हलकंही वाटतं आहे.

मामी


नागपूर, १० डिसेंबर

ती. मामीस,

सा. न. आधी कबूल करतो की मी हसलो. ऑफिसात, एकटा, काकड्यांपर्यंत आलो तेव्हा शेजारच्या टेबलावरचा प्रविण उठून आला. त्याला वाचून दाखवलं. तोही हसला आणि मग म्हणाला, "आता साहेबांना कोण सांगणार?" तेव्हा हसू थांबलं.

मी सांगितलं. साहेब म्हणाले, गोदामात कोणी वेगळे कट्टे मोजत नाही का? मी गोदामाच्या मुनीमजींना फोन केला. त्यांची वही रोजची तयार होती, बारा ते एकमधे दोनशे, कधी एकशे अठ्ठ्याण्णव. महिनाभर ती वही तिथेच होती आणि मी मागितली नाही. चूक तुझी एक, माझ्या दोन.

आता कामाचं. मी पुन्हा नव्यानं मांडणी केली. दोन रस्ते निघतात.

एक असा की आपोआप शिवणारं यंत्र घ्यायचं. विमलाबाई जाते. बाकी सगळं आहे तसं राहतं, तुझी खुर्चीही.

दुसरा असा की शिवणीवर दोन माणसं बसवायची. दोघींनी दोनदा दुमडून शिवलं तरी कट्टा सरासरी नऊ सेकंदांत सुटतो, भरणीपेक्षा लवकर. कट्टा उसवणार नाही आणि तासाला अडीचशे खरोखर होतील. सोबत शिवणीच्या आधी दुसरा डोळा लावायचा. चार कट्टे साचले की भरणी आपोआप थांबेल, दोन राहिले की सुरू होईल. हे यंत्राहून स्वस्त आहे, त्यामुळे सेठ ऐकतील. पण ते नवं माणूस घेणार नाहीत, हे त्यांनी आधीच बजावलं आहे. दुसरी शिवणारी आहे त्यातूनच द्यावी लागेल.

मामी, भरणी थांबवायचा आणि सुरू करायचा हात आता दुसरा डोळा करेल. म्हणजे मुकादम उरत नाही.

हे लिहायला मला चार दिवस लागले असते, पण उद्या मनिष येतो. दोन्ही अहवाल लिहून तयार आहेत. तू म्हणशील तो अठराला ठेवतो. जो ठेवणार नाही, त्याबद्दल कोणाला कधी कळणार नाही.

वीरेंद्र


मोहाडी, १४ डिसेंबर

चि. वीरेंद्र यास,

दुसरा ठेव.

तुझ्या मामांना विचारलं. ते म्हणाले, "मले काय विचारते, खुर्ची तुही." मग अंगणात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. परत आल्यावर म्हणाले, "बरोबर करून राहिली."

डब्यांचं सेठला माझ्या नावानं सांग. चटणी पाठवते आहे.

मामी


मोहाडी, ४ जानेवारी २०२६

चि. वीरेंद्र यास,

आशीर्वाद. तुला पुढचं सगळं सेठकडून समजलं असेल, तरी माझ्या तोंडून ऐक.

डब्यांबद्दल सेठ मला चौघांत बोलले. बोलायलाच हवं होतं. पट्ट्यावर आता कट्ट्याशिवाय काही ठेवायचं नाही, असं पाटीवर लिहून लावलं आहे. अक्षर माझंच, मुनीमजींचं कोणाला वाचता येत नाही. मग सेठ विमलाबाईकडे वळले. सगळ्यांना वाटलं आता तिला काही म्हणतील. ते म्हणाले, "बाई, मी चुकलो. तुमचा हात बरोबर होता." विमलाबाईनं मान हलवली आणि हातातला कट्टा शिवून पूर्ण केला. मग डोळे पुसले.

खुर्ची गेली, त्याचं मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू. महिन्याला मुकादमाचे वरचे पैसे मिळायचे ते गेले, पण त्याहून जास्त ती उंचावर बसण्याची सवय झाली होती. पहिल्या दिवशी घरी येऊन जेवले नाही. तुझे मामा समोर बसून राहिले. तेही जेवले नाहीत, म्हणून मग मला उठावं लागलं.

मी आता शिवणीवर बसते, विमलाबाईच्या शेजारी. तुझा दुसरा डोळा चांगला आहे. चार कट्टे झाले की भरणी मुकाट्यानं थांबते, कोणाला हात वर करावा लागत नाही. गुरुवारी आम्ही दहा ते अकरामधे दोनशे सत्तेचाळीस सोडले, मुनीमजींच्या वहीतही तेवढेच आहेत, विचारून घे. एकही उसवला नाही.

पण ते गुरुवारचं. पहिल्या दिवशी माझे अकरा कट्टे विमलाबाईनं परत उसवायला लावले. मी दोनदा दुमडत होते, पण दुसरी घडी पहिलीच्या बरोबर वर येत नव्हती. पाच वर्षं मी तिची मुकादम होते आणि तिच्या हाताखाली ती घडी कशी बसते हे मी एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. तिनं माझा हात धरला, कट्ट्याच्या तोंडावर ठेवला आणि बारक्या पोरीला सांगावं तसं म्हणाली, "डोळ्यानं नको पाहू वं चंदा. बोटानं पाय. घडी बसली का बोटाले समजते."

मी डोळे मिटून दुमडलं. बसली.

तुझी मामी